परसातली आगटी

प्रिय इंकेरी,

आधी आनंदाची बातमी सांगते, मग माझं नेहमीचं पाल्हाळ. तुझा उक्की, माझा म्हातारा, शीळ घालतोय! स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून मी हे लिहितेय आणि तो तिकडे परसात गुडघ्यांखाली जुनी उशी घेऊन मातीत बसलाय, हातात मोजायची टेप आणि तोंडानं शीळ. सूर काही धड नाही, तो पहिल्यापासूनच नव्हता. पण इतक्या वर्षांत हा आवाज कानावर पडलाच नव्हता, म्हणून मला आधी वाटलं किटलीच शिट्टी मारतेय. उठून गॅस बंद करायला गेले तर गॅस बंदच! एकटीच हसत उभी राहिले. तू म्हणशील आजीबाईचं, आपल्या मुम्मूचं, डोकं फिरलं. फिरलंय खरं, पण आनंदानं.

तुझ्या लेकीचा, तिल्दाचा फोटो पोचला. फ्रिजवर लावलाय, दूध काढायला गेलं की आधी तिची परवानगी घ्यावी लागते. हनुवटी थेट माझ्या आईची. तुझा उक्की म्हणतो, "तुझ्या माहेरी हनुवटी होती कुणाला? ही आमच्या घरची." म्हणू दे. तुमच्या वाळवंटात पोरीला लोकरी मोजे लागत नसतील, तरी दोन जोड पाठवलेत, विणायला हात शिवशिवत होते. हाताचं म्हणशील तर मनगटाचं हाड जुळलंय. जानेवारीत चर्चच्या पायरीवर बर्फावरून घसरले ते उजवं मनगट. आता पेन धरता येतं, सुया धरता येतात, पण भरलेली बादली काय, भरलेलं ओगराळंसुद्धा उचलत नाही. माझी शाळा सहावीतच सुटली, अक्षर आधीच कोंबडीच्या पायांचं, त्यात हे मनगट. जरा लावून वाच. आणि ते ओगराळं तेवढं लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

तर परसात काय चाललंय. आपला शेजारी वॉल्टर आठवतो ना, दाढीत नेहमी पावाचा चुरा असलेला? मागच्या शरदात त्यानं परसात शेकोटी केली, दुसऱ्या दिवशी राख पुठ्ठ्याच्या खोक्यात भरली आणि खोकं ओसरीवर ठेवून स्वारी मासे धरायला गेली. राख गार लागली म्हणे हाताला. राख कधी खरं सांगते का गं? वरून पांढरी, पोटात लाल. दुपारी वारा सुटला आणि ओसरी गेली, ओसरीवरची झुलती खुर्ची गेली, बाजूला टेकवलेली नवीकोरी बोट गेली. त्याची बायको वर म्हणते, "बोट गेली ते बरं झालं, आता हा माणूस घरी तरी सापडेल." हसलो आम्ही सगळे, पण आत त्यांची सून तान्ह्याला घेऊन झोपली होती. धूर नाकात गेला म्हणून जागी झाली, मागच्या दारानं बाहेर पडली, म्हणून हसतोय.

त्यावरून गावानं नियम केले. परसात आग पेटवायची तर आता अग्निशमनवाल्यांची परवानगी लागते, माणूस येऊन जागा बघून जातं. चर्चच्या तळघरात कॉफीला जमलेल्या बायका काय तणतणल्या! हिल्या म्हणाली, "आमच्या आजीनं जंगल जाळून शेत केलं, तिला कुणी विचारलं नाही. आता कॉफी उकळायलासुद्धा चिठ्ठी आणायची का?" मीही तिच्या बाजूनं मान हलवली, खोटं कशाला बोलू. तुझा उक्की मात्र गावच्या सभेला गेला आणि शेवटच्या बाकावर टोपी मांडीवर ठेवून पूर्ण वेळ बसला. हा माणूस आपल्या लग्नात पाद्रीचं बोलणं पूर्ण ऐकायला थांबला नव्हता! घरी आला, मासा खाल्ला, झोपला. सकाळी बघते तर सगळे खण उपसून बसलाय. "सेन्या, टेप कुठं आहे?" मी म्हटलं, "कशाला हवी?" तर म्हणतो, "मोजायला." बास, एवढंच. पंचावन्न वर्षं मी या उत्तरांवर संसार केलाय.

आगटी घरापासून पंचवीस फूट लांब हवी, सौनाच्या वाफेच्या खोलीपासून तेवढीच, सरपणाच्या ढिगापासून तेवढीच. आपलं परस तुला ठाऊक आहे. घरापासून मोजलं की सौना जवळ यायची, सौनापासून मोजलं की वॉल्टरचं कुंपण आडवं यायचं. मग खुंट्या रोवायच्या, दोरी ताणायची, खुंट्या उपटायच्या. शेवटी सगळ्या अंतरांत बसणारी एकच जागा उरली, ती नेमकी माझ्या बटाट्यांच्या वाफ्यात. टोपी काढून आत आला आणि दारातच घुटमळला. मला कळलं. मी म्हटलं, "काढ बटाटे." तुम्हा पोरांचा चेंडू त्या वाफ्यात गेला तर मी लाटणं घेऊन धावायची, आठवतं ना? तीच मी. आता तिथे गोल खड्डा आहे, कडेला जुन्या ट्रॅक्टरच्या चाकाची लोखंडी धाव बसवलीय आणि आतून भट्टीच्या विटा. वर बर्चची एक फांदी यायची, ती कापली. भोवतीचं गवत खरवडून वाळू पसरली. लाकूड नुसतं मेपलचं, दोन हिवाळे सुकवलेलं. कोठीचं जुनं निळं दार फोडून घालू म्हटलं तर माझ्यावर खेकसला, "रंगाचं लाकूड चालत नाही. धूर पोरांच्या छातीत जातो." कुठली पोरं, मी मनात म्हटलं, पण विचारलं नाही. आणि कोक्कोच्या आगीसाठी ढीग रचायचा तो जेमतेम गुडघ्याएवढा. स्वतःच म्हणतो, "गुडघ्याएवढा कोक्को! माझा बाप थडग्यात हसत असेल." मी म्हटलं, "हसू दे. त्याला भुवया तरी होत्या का धड कधी?"

खरंच नव्हत्या, दर वर्षी कोक्कोत होरपळायच्या. तुझ्या खापरपणजोबांच्या वेळेपासून कोक्को तळ्याच्या काठावर पेटायचा, माणसापेक्षा उंच. जूनमधल्या युहान्नुसच्या, वर्षातल्या सगळ्यात लांब दिवसाच्या संध्याकाळी इथे सूर्य मावळायलाच तयार नसतो, त्या उजेडात आधी सगळ्यांची सौना व्हायची, मग ओल्या केसांनी बाया-बाप्ये काठावर जमायचे, कॉफी, वेलदोड्याचा गोड पाव, निसू, आणि समोर ती आग पाण्यात दुप्पट दिसायची. त्या वेळी काठ कुणाच्या मालकीचा नव्हता. मग शहरातल्या लोकांनी काठ विकत घेतला, पाट्या लागल्या, आणि तुझा उक्की म्हणाला, "आपल्या परसात पेटवू. आग काय, कुठेही आगच." आणि होडी घेऊन गेला, तळ्यातले गोल गोल गुळगुळीत दगड भरून आणले आणि त्यांचं छान कडं केलं. इतकं देखणं दिसायचं ते, मी त्याच्याभोवती फुलं ठेवली होती.

इंकेरी, आता मी त्या गोष्टीबद्दल लिहिते, जिच्या बाजूनं आपण सगळे वीस वर्षं चवड्यांवर चालत गेलो. तू नऊची होतीस. सौना करून सगळे बाहेर आले, अंगातून वाफा निघत होत्या, उक्कीच्या हातात अजून सौनातली बादली आणि ओगराळं होतं. आगीनं दगड तापून काळेलाल झालेले. आणि तुम्ही पोरं नाचत होतात, उड्या मारत होतात, "उक्की, वाफ! उक्की, वाफ!" आपल्या लोकांचा हात तापलेला दगड दिसला की आपोआप पाण्याकडे जातो. चालायला लागण्याआधी मूल सौनात बसतं आणि बोलायला लागलं की पहिली वाफ मागतं. सौनातले दगड डोंगरातले असतात, काळे, जड, आगीला सरावलेले, त्यांना पाणी म्हणजे रोजचं. पण तळ्यातला दगड शेकडो वर्षं पाणी पिऊन बसलेला असतो, ते पाणी त्याच्या पोटातच असतं. हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही, वॉल्टरच्याही नाही, तिथे जमलेल्या एवढ्या पिकल्या केसांपैकी कुणाच्याही नाही. त्यानं हसत हसत एक ओगराळं भरून दगडांवर फेकलं. बंदुकीसारखा आवाज झाला आणि दगड फुटला. पुढचं तुला माहीत आहे, मी लिहीत नाही.

अग्निशमनची बाई नियमांचा कागद वाटून गेली, त्यात आता सरळ छापलंय की पाण्यातले दगड आगटीला लावू नका. उक्कीनं ती ओळ बोट ठेवून वाचली.  एक ओळ गं. वीस वर्षं उशिरा आलेली.

तू हॉस्पिटलात होतीस तेव्हा त्यानं ते सगळे दगड होडीत घातले, तळ्याच्या मध्यावर नेले आणि एकेक करून परत सोडले. खड्डा बुजवला, मीच मग त्यावर बटाटे लावले. आणि एक गोष्ट तुम्हाला कुणाला ठाऊक नाही, कारण तुम्ही सौनात आलात की तो बाहेर सरपण फोडत बसायचा. त्या दिवसापासून त्यानं सौनातसुद्धा दगडांवर पाणी टाकलेलं नाही. सौना तापवायचा तोच, शनिवार चुकवला नाही, पण बाकावर बसला की ओगराळं माझ्याकडे सरकवायचा. लोकांनी विचारलं की म्हणायचा खांदा दुखतो. कुऱ्हाड चालवताना नाही दुखायचा हो तो खांदा! वीस वर्षं वाफ माझ्या हातची. आणि आता माझं मनगट हे असं. या हिवाळ्यात आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी कोरड्या उष्णतेत बसायचो, दोरीवर वाळत घातलेल्या माशांसारखे. मी म्हटलं, "विल्हो, एवढंसं टाक की." त्यानं ओगराळं उचललं. दगडांपर्यंत नेलं आणि पाणी सगळं स्वतःच्याच पायांवर सांडलं. ठेवून दिलं. मी पुन्हा म्हटलं नाही.

तुला मी आणखी एक सांगते, आणि हे सांगितल्याबद्दल तो मला उभी चिरेल. तू इथे आलीस, टेबलाशी बसलीस, की तो नेहमी तुझ्या डाव्या बाजूला येऊन बसतो. तुला वाटत असेल की उक्की माझ्याकडे बघायला नको म्हणून तिकडे बसतो, दिसायला नको म्हणून. तुझ्या चेहऱ्यावरून मला कळतं ते, तू ताटात बघत राहतेस. अगं वेडे, तो त्या बाजूला बसतो कारण तिकडून कुणी गरम भांडं घेऊन आलं तर तुला दिसणार नाही. दाराच्या पट्टीला, खुर्चीच्या कोपऱ्याला तू धडकू नयेस म्हणून दुकानातसुद्धा तो तुझ्या त्याच हाताला चालतो. बघत जा एकदा. वीस वर्षांत एकदाही चुकलेला नाही. आणि तू हॉस्पिटलात मला एकदाच म्हणाली होतीस, डोळ्याला पट्टी बांधलेली असताना, "मुम्मू, मीच सांगितलं उक्कीला पाणी टाकायला." तेव्हाही मी तुला सांगितलं होतं आणि आजही सांगते, पोरीनं आजोबाकडे वाफ मागितली, त्याच्यात कुठलं पाप आलं? तिथली सगळी पोरं ओरडत होती. तुझा आवाज जरा मोठा होता, तो आमच्या घरच्यांचाच.

तू नाताळात येतेस, एकदा ईस्टरला आलीस. जूनमध्ये कधीच नाही. जूनमध्ये तुझ्या नवऱ्याला, मार्कसला रजा नसते, जूनमध्ये विमानात गर्दी असते, जूनमध्ये तिल्दाचे दात. मी कधी खोदून विचारलं नाही. उक्कीही विचारत नाही. तो फक्त युहान्नुसच्या सकाळी दाराला बर्चच्या डहाळ्या बांधतो आणि दिवसभर रस्त्याकडे पाठ करून काम करतो.

मग गेल्या नाताळात तुझं येणं झालं नाही, तेव्हा तो फोन झाला. तिल्दानं फोन हिसकावून घेतला होता ना तुझ्याकडून? इकडे फोन उक्कीच्या हातात होता. ती काय म्हणाली तुला कदाचित ऐकू गेलं नसेल. म्हणाली, "उक्की, तुझ्याकडे कोक्को आहे ना? आई सांगते तो मोठा असतो आणि तळ्यात पण दुसरा पेटतो आणि तू सगळ्यात छान पेटवतोस. माझ्यासाठी पेटवशील?"   यानं मला फोन दिला आणि बर्फ लोटायला बाहेर गेला, अंगणात बर्फ नसताना. जेवताना म्हणाला, "सेन्या, पोर आपल्या लेकीला कोक्कोचं सांगते." मी म्हटलं, "ऐकलं मी." तो म्हणाला, "छान असतो असं सांगते."  तू तिला झोपवताना काय काय सांगतेस त्यातलं ते एक असेल, तुला आठवतही नसेल. पण ही सगळी टेप, खुंट्या, विटा, माझे गेलेले बटाटे, सगळं तिथून सुरू झालंय.

परवा अग्निशमनची डोरीन आगटी बघायला आली. तिशीची असेल, पण बोलणं एकदम रोखठोक. वॉल्टर कुंपणावर हात टेकून फुकटचा सल्ला द्यायला हजर, त्याला म्हणाली, "तुमची ओसरी कशी आहे काका?" गेला बिचारा आत. तिनं सगळं मोजलं. अंतर बरोबर, रुंदी बरोबर, वाळू बरोबर, फावडं जागेवर, नळाची नळी आगटीपर्यंत पोचते, वर फांदी नाही. वारा असला तर काय करणार विचारलं, उक्की म्हणाला, "पेटवणार नाही." रॉकेल? "घरातच ठेवत नाही." ती म्हणाली, "आजोबा, गावात फिरून इतरांना तुम्हीच शिकवा." मी खिडकीत उभी राहून नुसती फुलत होते. मग तिनं शेवटचं विचारलं. म्हणाली, आग पूर्ण विझेपर्यंत तिच्याजवळ एक धडधाकट माणूस लागतं, बादलीसकट. पाणी टाकायचं, ढवळायचं, परत टाकायचं, आणि तळहाताच्या उलट्या बाजूनं राख गार लागेपर्यंत हलायचं नाही. "तुमच्याकडे विझवणार कोण?" तिनं माझ्या मनगटाकडे बघितलं. त्याच्याकडे बघितलं. तो आपले हात मागे घेऊन उभा. आणि मग म्हणतो, "माणूस येणार आहे." ती म्हणाली, "कोण?" तर हा वाकून वाळू सारखी करायला लागला. तिला काय कळलं कोण जाणे, पण चांगली पोर आहे ती. म्हणाली, "नाव कळवा, तेव्हा परवानगी देते," आणि निसूचा तुकडा हातात घेऊन गेली. मी विचारलं, "विल्हो, कुठला माणूस? कुणाला सांगितलंस?" म्हणाला, "कुणाला नाही." मी म्हटलं, "मग फोन कर की तिला." मान हलवली. "तिच्याकडे ते मागता येत नाही," म्हणाला. "ज्या हातानं ते केलं, त्या हातानं मागता येत नाही."

म्हणून मी मागतेय, माझ्या हातानं, कोंबडीच्या पायांनी. मेपलची लाकडं रचून ठेवलीत, खाली ढलप्या, वर ताडपत्री, आज शेवटचं एकदा मोजून आता तो हात धुतोय. काडेपेटी त्याच्या खिशात आहे, पेटवेल तोच, ते त्याला येईल. तिल्दा त्याच्या मांडीवर बसेल, नियमाएवढी लांब, तिथपर्यंतही त्यानं मोजून खुर्ची ठेवलीय. आणि मग निखारे राहतील, बादली भरलेली असेल, आणि ते पाणी टाकायला त्याचा हात उठणार नाही, माझा उठत नाही. तिथे दगड नाहीत, इंकेरी, एकही नाही, मी स्वतः माती चाळून बघितली. कडेकडेनं हळूहळू ओतायचं, एवढंच. तुला नको वाटलं तर मला दोन ओळी लिही, मी ताडपत्री तशीच राहू देईन आणि त्याला काही सांगणार नाही, तो पुढच्या वर्षी पुन्हा विटा झाडेल. पण जमलं तर या जूनमध्ये ये. राखेवर हात उलटा ठेवून गार झाली हे तू सांगितलंस तरच तो मानेल, दुसऱ्या कुणाचं त्यानं वीस वर्षं ऐकलेलं नाही. डोरीनला मी तुझं नाव कळवू का? पेटवायला आम्ही आहोत गं. तू विझवायला ये.

तुझीच, आणि शीळ ऐकत बसलेली,
मुम्मू